शाळांमधला वर्णभेद अमेरिकेच्या कोर्टाने १९५४ साली संपवला, मग तो प्रत्यक्षात हटायला आणखी १५ वर्षं का लागली?

एक कृष्णधवल फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. काळा गॉगल लावलेली, वही छातीशी धरलेली एक कृष्णवर्णीय मुलगी शांतपणे चालली आहे आणि तिच्या मागे गोऱ्या लोकांचा जमाव तिच्यावर ओरडतोय. त्या मुलीचं नाव एलिझाबेथ एकफर्ड. वय १५ वर्षं. ती शाळेत निघाली होती.

या फोटोतली एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. शाळांमधला वर्णभेद कायदेशीर होता, त्या काळातला हा फोटो नाही. तो सप्टेंबर १९५७ मधला आहे. त्याच्या तीन वर्षं आधीच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वर्णावरून वेगळ्या शाळा ठेवणं घटनाबाह्य ठरवलं होतं, तेही नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने. म्हणजे त्या दिवशी कायदा एलिझाबेथच्या बाजूने होता. तरीही तिला शाळेच्या दारातून परत फिरावं लागलं.

असं का झालं? याचं उत्तर 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या खटल्याच्या कहाणीत आहे. या खटल्याने काय बदललं हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या निकालात कोणती गोष्ट लिहायची राहून गेली, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

'वेगळे पण समान' ही भानगड काय होती?

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्यानंतर १८६८ साली घटनेत १४ वी दुरुस्ती आली. कोणतंही राज्य आपल्या हद्दीतल्या कोणत्याही व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण नाकारू शकणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

कागदावर प्रश्न मिटला होता. पण दक्षिणेकडच्या राज्यांनी पुढच्या काही दशकांत एकामागून एक असे कायदे केले की कृष्णवर्णीय आणि गोरे एकत्र येऊच नयेत. रेल्वेचे डबे वेगळे, पाण्याचे नळ वेगळे, दवाखाने वेगळे, शाळा वेगळ्या. या कायद्यांना मिळून 'जिम क्रो' कायदे म्हटलं जातं.

त्यातल्याच एका कायद्याला आव्हान द्यायचं, असं न्यू ऑर्लिन्समधल्या काही नागरिकांनी ठरवलं. त्यांनी होमर प्लेसी नावाच्या तरुणाला मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसवलं. प्लेसी यांच्या आठ पणजोबा-पणजींपैकी एकच आफ्रिकन वंशाचा होता, बाकी सगळे गोरे. दिसायलाही ते गोरे होते. पण लुईझियानाच्या कायद्याच्या लेखी ते कृष्णवर्णीयच. त्यांना अटक झाली आणि खटला सुप्रीम कोर्टात गेला.

१८९६ साली निकाल आला, तो प्लेसी यांच्या विरोधात. कोर्टाचं म्हणणं असं की सोयी वेगळ्या असल्या तरी त्या समान असतील, तर घटनेचा भंग होत नाही. हेच ते 'वेगळे पण समान' तत्त्व. सात न्यायमूर्ती एका बाजूला होते आणि विरोधात एकटे जॉन मार्शल हार्लन. आपली घटना रंग पाहत नाही, असं त्यांनी आपल्या भिन्नमतात लिहून ठेवलं.

खटला रेल्वेच्या डब्याचा होता. पण पुढची जवळपास ६० वर्षं हेच तत्त्व शाळांच्या दारावर कुलूप बनून राहिलं.

समान म्हणजे किती समान?

'वेगळे' हा शब्द राज्यांनी काटेकोरपणे पाळला. 'समान' हा शब्द मात्र सोयीस्करपणे विसरला गेला.

साउथ कॅरोलायना राज्यातल्या क्लॅरेंडन काउंटीचं उदाहरण घ्या. १९४९-५० या वर्षात तिथे एका गोऱ्या मुलामागे शाळेचा खर्च होता १७९ डॉलर. कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर. गोऱ्या मुलांसाठी ३० बस होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. लहान लहान मुलं मैलोन् मैल चालत शाळेत जायची.

तिथल्या पालकांची पहिली मागणी गोऱ्यांच्या शाळेत प्रवेशाची नव्हतीच. त्यांनी फक्त एक बस मागितली होती. ती मिळाली नाही, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे त्याचं रूपांतर संपूर्ण व्यवस्थेविरुद्धच्या खटल्यात झालं.

त्याची किंमतही मोजावी लागली. याचिकेवर नाव असलेले हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर काम करायचे. त्यांची नोकरी गेली. त्यांच्या पत्नीचीही गेली. लोकांना संघटित करणारे धर्मोपदेशक जोसेफ डिलेन यांचं घर जाळण्यात आलं आणि शेवटी त्यांना राज्य सोडून जावं लागलं.

भिंत एकदम नाही, वीट वीट करून पाडायची

या लढाईचा आराखडा ज्याच्या डोक्यातून आला, त्या माणसाला निकालाचा दिवस पाहायला मिळाला नाही. त्यांचं नाव चार्ल्स ह्यूस्टन. वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठात ते कायदा शिकवायचे आणि तिथे त्यांनी कृष्णवर्णीय वकिलांची एक अख्खी पिढी घडवली. त्यांचा सगळ्यात गाजलेला विद्यार्थी म्हणजे थर्गुड मार्शल.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली 'एनएएसीपी' ही संघटना स्थापन झाली होती. ह्यूस्टन आणि नंतर मार्शल यांनी या संघटनेच्या वतीने कोर्टातली लढाई चालवली. त्यांची चाल साधी होती. 'वेगळे पण समान' हे तत्त्व थेट नाकारायचं नाही. उलट ते तंतोतंत पाळा, असा आग्रह धरायचा. सुरुवात करायची विद्यापीठांपासून. कारण प्राथमिक शाळा एक वेळ वेगळी बांधता येते, पण मोजक्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं लॉ कॉलेज उभं करणं राज्याला कसं परवडणार?

ही चाल चालली. १९३६ साली मेरिलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलला कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा लागला. १९३८ साली मिसुरी राज्याविरुद्धचा खटला सुप्रीम कोर्टात जिंकला.

मग आलं जॉर्ज मॅकलॉरिन यांचं प्रकरण. ओक्लाहोमा विद्यापीठाने त्यांना प्रवेश तर दिला, पण बसवलं वर्गाला लागून असलेल्या वेगळ्या खोलीत. ग्रंथालयात वेगळं टेबल, कॅन्टीनमध्येही वेगळं टेबल. शिक्षक तेच, पुस्तकं तीच, इमारत तीच. मग असमान काय होतं? जून १९५० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा वागणुकीमुळे विद्यार्थ्याचं शिकणंच खुंटतं, इतरांशी चर्चा करण्याची, विचारांची देवाणघेवाण करण्याची संधी हिरावली जाते.

इथे एक मोठी गोष्ट घडली. असमानता फक्त विटा, बाकं आणि पैशांत मोजायची नसते, हे कोर्टाने मान्य केलं. ह्यूस्टन यांचं त्याच वर्षी एप्रिलमध्ये निधन झालं होतं. पण मार्शल यांना पुढची वाट दिसली. आता 'समान'वर नाही, थेट 'वेगळे'वर घाव घालायचा.

एक नव्हे, पाच खटले

'ब्राऊन' हे नाव एका खटल्याचं वाटतं. प्रत्यक्षात सुप्रीम कोर्टासमोर कॅन्सस, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टन इथले पाच खटले एकत्र आले होते.

व्हर्जिनियातला खटला सुरू केला तो १६ वर्षांच्या एका मुलीने. तिचं नाव बार्बरा जॉन्स. प्रिन्स एडवर्ड काउंटीतली तिची मोटन हायस्कूल ही शाळा १८० मुलांसाठी बांधलेली होती आणि तिथे ४५० च्या वर मुलं शिकत होती. जागा पुरत नाही म्हणून आवारात लाकडाच्या आणि डांबरी कागदाच्या खोपट्या उभ्या केल्या होत्या. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बराने सगळ्या मुलांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. मुलं दोन आठवडे शाळेत गेली नाहीत.

तिचीही मागणी आधी चांगल्या इमारतीची होती. एनएएसीपीच्या वकिलांनी सांगितलं, 'नुसत्या इमारतीसाठी नाही, वेगळ्या शाळांच्या पद्धतीविरुद्ध लढायची तयारी असेल तरच आम्ही येतो.' मुलं आणि पालक तयार झाले.

कॅन्ससमधल्या टोपेका शहरातली गोष्ट वेगळी होती. तिथे ऑलिव्हर ब्राऊन हे रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर होते आणि चर्चमध्ये साहाय्यक धर्मोपदेशक. त्यांची तिसरीतली मुलगी लिंडा. घराजवळची समनर शाळा फक्त गोऱ्या मुलांसाठी होती. लिंडाला मात्र रेल्वेच्या रुळांमधून वाट काढत बस थांब्यावर जायचं आणि तिथून बसने सुमारे मैलभर दूरच्या मन्रो शाळेत. १९५० साली ऑलिव्हर तिचा हात धरून समनर शाळेत गेले. प्रवेश नाकारला गेला. त्यांच्यासह १३ पालकांनी आपल्या २० मुलांच्या वतीने शिक्षण मंडळाविरुद्ध खटला भरला. या १३ जणांत ऑलिव्हर ब्राऊन हे एकटेच पुरुष होते, बाकी सगळ्या आया.

टोपेकाचा खटला सगळ्यात महत्त्वाचा का ठरला? कारण तिथली कृष्णवर्णीयांची शाळा वाईट नव्हती. इमारत चांगली, शिक्षक चांगले, अभ्यासक्रम तोच. म्हणजे 'शाळा सुधारा' असं सांगून कोर्टाला हात झटकता येणार नव्हते. सगळं समान असतानाही मुलांना वेगळं ठेवणं चूक आहे का, या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार होतं.

शिवाय कॅन्सस हे दक्षिणेतलं राज्य नव्हतं. हा केवळ दक्षिणेचा प्रश्न आहे असं वाटू नये, म्हणून या खटल्याचं नाव पुढे ठेवण्यात आलं, असं न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी नंतर सांगितलं होतं.

चार बाहुल्यांनी काय सांगितलं?

वेगळेपणामुळे होणारी इजा कोर्टात सिद्ध कशी करायची? मार्शल यांनी मानसशास्त्राची मदत घेतली.

केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांसाठी एक चाचणी तयार केली होती. सारख्याच चार बाहुल्या, दोन गोऱ्या आणि दोन तपकिरी. कोणती बाहुली छान आहे? कोणती वाईट दिसते? कोणती तुझ्यासारखी आहे? एवढेच प्रश्न.

केनेथ क्लार्क या बाहुल्या घेऊन क्लॅरेंडन काउंटीत गेले. तिथल्या १६ कृष्णवर्णीय मुलांपैकी ११ जणांनी तपकिरी बाहुली वाईट असल्याचं सांगितलं. त्याच मुलांना पुढे 'तुझ्यासारखी कोणती' असं विचारलं जायचं, तेव्हा काही मुलं गप्प व्हायची, काही रडायला लागायची.

या चाचणीवर टीकाही झाली. मुलांची संख्या कमी होती, आणि हा परिणाम फक्त शाळेचा की एकूण समाजाचा, हे वेगळं काढता येत नव्हतं. तरी निकालपत्राच्या ११ व्या तळटीपेत क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आला. जी जखम बाकांच्या आणि बसच्या हिशेबात दिसत नव्हती, ती आता कोर्टाच्या कागदावर होती.

निकालाआधी एक मृत्यू आणि एक पाहुणा

डिसेंबर १९५२ मध्ये सुनावणी झाली. राज्यांच्या बाजूने उभे होते जॉन डेव्हिस. ते १९२४ साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढलेले आणि त्या काळातल्या सगळ्यात नामांकित वकिलांपैकी एक होते. न्यायमूर्तींमध्ये एकमत होईना. कोर्टाने फेरसुनावणी ठेवली. ती होण्याआधीच, सप्टेंबर १९५३ मध्ये, सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांचं निधन झालं.

त्यांच्या जागी आले अर्ल वॉरन. ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबण्याच्या धोरणाला त्यांनी पाठिंबा दिला होता. अशा माणसाकडून फार कुणाची अपेक्षा नव्हती. पण वॉरन यांनी एक गोष्ट ओळखली. या प्रश्नावर कोर्ट दुभंगलेलं दिसलं, तर विरोधकांना आयतं हत्यार मिळेल. त्यांनी महिनोन् महिने एकेका न्यायमूर्तीशी बोलणं चालू ठेवलं.

बाहेरून दबावही होता. शीतयुद्ध सुरू होतं. अमेरिका जगाला लोकशाहीचे धडे देत होती आणि सोव्हिएत रशिया तिच्याकडे बोट दाखवून विचारत होता, 'आणि तुमच्या देशात काय चाललंय?' न्यायमूर्ती विल्यम डग्लस १९५० साली भारतात आले होते. दिल्लीच्या पत्रकार परिषदेत त्यांना विचारलेला पहिलाच प्रश्न अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावाकडून ठार मारलं जातं, त्याबद्दल होता. वर्णभेदामुळे जगात देशाची प्रतिमा खराब होते, असं खुद्द अमेरिकी सरकारने या खटल्यात लेखी सांगितलं.

१७ मे १९५४

त्या सोमवारी दुपारी वॉरन यांनी निकाल वाचायला सुरुवात केली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णालयात असलेले न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन मुद्दाम कोर्टात येऊन बसले होते. नऊच्या नऊ न्यायमूर्ती हजर आणि नऊही जणांचं एकच मत.

निकालपत्र अगदी छोटं होतं. सामान्य माणसालाही वाचून कळावं, अशी वॉरन यांची इच्छा होती. त्याचा सारांश एवढाच: मुलांना केवळ वर्णामुळे वेगळं काढलं, की आपण कमी आहोत ही भावना त्यांच्या मनात घर करते आणि ती कदाचित कधीच पुसली जात नाही. म्हणून शिक्षणात 'वेगळे पण समान' या तत्त्वाला जागा नाही. वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात.

त्या वेळी १७ राज्यांत आणि राजधानीत वेगळ्या शाळा सक्तीच्या होत्या. आणखी चार राज्यांत तशी मुभा होती. त्या सगळ्या कायद्यांचा पाया एका दुपारी निघून गेला. तासाभरात 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने ही बातमी ३४ भाषांमधून जगाला ऐकवली.

या गोष्टीला एक मराठी धागाही आहे

वर्गातल्या वर्गात वेगळं बसवणं म्हणजे काय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्यातल्या शाळेत भोगलं होतं. घरून नेलेल्या गोणपाटावर, इतर मुलांपासून दूर त्यांना बसावं लागायचं. पुढे १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. डुबॉइस हे एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत आंबेडकरांनी मागवली होती आणि दोन्ही समाजांच्या स्थितीत किती साम्य आहे, हे आवर्जून लिहिलं होतं.

१९५० साली लागू झालेल्या भारतीय राज्यघटनेच्या २९ व्या कलमात, सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषेमुळे प्रवेश नाकारता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. ब्राऊन निकालाच्या चार वर्षं आधी. अर्थात कलम लिहिल्याने वागणूक आपोआप बदलत नाही, हे इथेही दिसलं आणि अमेरिकेतही दिसणार होतं.

निकालात काय लिहायचं राहिलं?

तारीख.

वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत हे १९५४ च्या निकालाने सांगितलं. पण त्या कधीपर्यंत बंद करायच्या, कोणी करायच्या आणि नाही केल्या तर काय, हे त्यात नव्हतं. तो भाग कोर्टाने पुढच्या सुनावणीवर ढकलला. ३१ मे १९५५ रोजी दुसरा निकाल आला. मार्शल यांनी ठरावीक मुदत मागितली होती. कोर्टाने मुदत दिली नाही. शाळांचं एकत्रीकरण 'विचारपूर्वक पण त्वरेने' करावं, एवढंच म्हटलं आणि देखरेखीचं काम स्थानिक कोर्टांवर सोपवलं.

कोर्टाचा हेतू समजण्यासारखा होता. दक्षिणेत उद्रेक होऊ नये, लोकांना वेळ मिळावा. पण विरोधकांनी त्या वाक्यातला फक्त 'विचारपूर्वक' हा शब्द घेतला. विचार संपेचना.

मग सुरू झाला नकाराचा खेळ

मार्च १९५६ मध्ये दक्षिणेतल्या १०१ खासदारांनी जाहीरनामा काढून या निकालाला विरोध केला. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी 'प्रचंड प्रतिकारा'ची हाक दिली.

सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडवायला राज्याचे सैनिक उभे केले. एलिझाबेथ एकफर्डचा तो फोटो तेव्हाचा. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे एक हजार जवान पाठवावे लागले. नऊ मुलांना वर्गात नेऊन बसवायला लष्कर लागलं. पुढच्या वर्षी तर शहरातली सगळी सरकारी हायस्कूलं वर्षभर बंद ठेवली गेली.

नोव्हेंबर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सला सहा वर्षांची रूबी ब्रिजेस सशस्त्र मार्शलांच्या बंदोबस्तात पहिलीच्या वर्गात गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून घेतली. रूबी वर्षभर वर्गात एकटीच होती, तिला शिकवणाऱ्या बाईंसोबत.

सगळ्यात टोकाचा प्रकार घडला बार्बरा जॉन्सच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत. एकत्र शिकवायची वेळ आली, तेव्हा तिथल्या प्रशासनाने १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांनाच टाळं ठोकलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. सुमारे १७०० कृष्णवर्णीय मुलांना मात्र शाळाच उरली नाही. काहींना पालकांनी दुसऱ्या राज्यात नातेवाइकांकडे पाठवलं, काहींचं शिक्षण तिथेच संपलं. १९६४ साली सुप्रीम कोर्टाने आदेश दिल्यावर शाळा उघडल्या. बुडालेली वर्षं काही परत आली नाहीत. २००४ साली, म्हणजे ४० वर्षांनी, व्हर्जिनिया राज्याने त्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तोवर ती पन्नाशीच्या आसपास पोहोचली होती.

या सगळ्याचा हिशेब एका आकड्यात मांडता येतो. निकालाला दहा वर्षं होत आली, तेव्हा दक्षिणेतल्या ११ राज्यांत गोऱ्या मुलांसोबत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण होतं फक्त सुमारे १.२ टक्के.

मग शेवटी बदल कशामुळे झाला?

तीन गोष्टींमुळे.

पहिली, कायदा आणि पैसा. मार्टिन ल्यूथर किंग आणि हजारो सामान्य लोकांच्या आंदोलनानंतर १९६४ साली नागरी हक्क कायदा आला. जी संस्था वर्णभेद करेल तिला केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही, अशी तरतूद त्यात होती. १९६५ साली शाळांसाठी केंद्राचा मोठा निधी सुरू झाला. आता वर्णभेद टिकवणं खर्चाचं झालं.

दुसरी, पळवाटा बंद झाल्या. अनेक ठिकाणी 'ज्याला हवी ती शाळा निवडा' अशी योजना आणली होती. ऐकायला छान वाटतं. पण व्हर्जिनियातल्या न्यू केंट काउंटीत तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही आणि कृष्णवर्णीयांपैकी ८५ टक्के मुलं जुन्याच शाळेत राहिली. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की योजना कागदावर कशी दिसते ते नको, ती आत्ता प्रत्यक्षात काम करते का ते दाखवा.

तिसरी, तारीख. ऑक्टोबर १९६९ मध्ये मिसिसिपीच्या एका खटल्यात कोर्टाने अखेर 'विचारपूर्वक'ला रजा दिली आणि वेगळ्या शाळा ताबडतोब बंद करा, असा आदेश दिला. पहिल्या निकालानंतर १५ वर्षांनी.

परिणाम झपाट्याने दिसला. दक्षिणेत गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या शाळांत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण १९६८ साली सुमारे २३ टक्के होतं. १९७० साली ते ३३ टक्क्यांवर गेलं आणि १९८८ च्या सुमारास ४३ टक्क्यांच्या पुढे पोहोचलं. लोकांची मनं बदलायला वेळ लागतो, असं जे इतकी वर्षं सांगितलं जात होतं, ते पूर्ण खरं नव्हतं. तारीख ठरली, पैसा अडकला आणि पळवाट बंद झाली, तेव्हा काम दोन वर्षांत पुढे सरकलं.

काय साधलं, काय निसटलं?

एकत्रीकरणाची किंमतही बऱ्याचदा कृष्णवर्णीयांनीच मोजली. दोन शाळा एक करताना बंद व्हायची ती बहुतेक वेळा त्यांचीच शाळा. हजारो कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या.

शिवाय कोर्टाने संपवला तो कायद्याने लादलेला वेगळेपणा. वस्त्यांमुळे येणारा वेगळेपणा तसाच राहिला. गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत गेली आणि शाळा पुन्हा वेगळ्या होऊ लागल्या. १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की शहरातला वर्णभेद मिटवण्यासाठी उपनगरांतल्या शाळांना या योजनेत ओढता येणार नाही. विरोधी मत नोंदवणाऱ्या चार जणांत थर्गुड मार्शल होते. १९६७ साली ते सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले होते.

टोपेकामधली लढाईसुद्धा १९५४ ला संपली नाही. शाळा अजूनही पुरेशा एकत्र झालेल्या नाहीत, असं म्हणत १९७९ साली खटला पुन्हा उघडण्यात आला. तो उघडणाऱ्या पालकांमध्ये लिंडा ब्राऊनही होती. ती आता स्वतः आई होती. टोपेकाच्या शाळा कोर्टाच्या देखरेखीतून मोकळ्या व्हायला १९९९ साल उजाडलं.

तरीही ब्राऊन निकालाचं मोल कमी होत नाही. त्याआधी वर्णभेदाविरुद्ध उभा राहणारा माणूस कायदा मोडणारा ठरायचा. त्यानंतर कायदा मोडणारे ठरले ते दार अडवून उभे राहणारे. न्यायाच्या तराजूत झालेला हा बदल पुढच्या प्रत्येक आंदोलनाच्या कामी आला.

लिंडाची मन्रो शाळा आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक आहे. वॉशिंग्टनच्या संसद भवनात व्हर्जिनियाच्या वतीने गुलामगिरीवादी राज्यांचे सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा उभा होता. तो २०२० साली हटवण्यात आला आणि त्याच्या जागी बार्बरा जॉन्सचा पुतळा उभारायचं ठरलं. तिने संप केला, तेव्हा कोणत्याही कोर्टाने तिला सांगितलं नव्हतं की तिचं बरोबर आहे.